सैनिक पाठवतो, मग मत का राखून ठेवतो?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दक्षिण सुदानचे निलंबित प्रथम उपाध्यक्ष रिएक माचार यांच्यावरील खटल्याची बातमी आपल्या दैनिकात आतल्या पानाच्या कोपऱ्यात आली होती. त्या चार ओळींवर बहुतेकांची नजर थांबली नसेल. माझी थांबली. लष्कराच्या वैद्यकीय दलात नर्सिंग असिस्टंट असताना संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतून मी त्या देशात, मलाकालच्या भारतीय रुग्णालयात, राहून आलो आहे. तिथे आजही आपले जवान मोठ्या संख्येने तैनात असतात. या मोहिमेचे सेनापतिपद 2019 पासून लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्याकडे होते आणि त्यांच्यानंतर लेफ्टनंट जनरल मोहन सुब्रमण्यन यांच्याकडे. एवढे मनुष्यबळ आपण ज्या देशात ओततो, तिथला शांतता करार डोळ्यांदेखत मोडतो आहे. तो मोडू नये म्हणून जगाने काय केले आणि भारताने काय केले, याची चर्चा आपल्याकडे होताना दिसत नाही. म्हणून हे पत्र. लांबले असेल तर जरूर काटछाट करावी, पण सुरक्षा परिषदेतल्या भारताच्या मतदानाबद्दलचा भाग कृपया ठेवावा.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. 9 जुलै 2011 रोजी हा देश स्वतंत्र झाला. डिसेंबर 2013 मध्ये अध्यक्ष साल्वा कीर आणि माचार यांना मानणाऱ्या सैनिकांत राजधानी जुबामध्ये गोळीबार झाला आणि तो डिंका विरुद्ध नुएर, असा दोन जमातींतला संघर्ष होऊन देशभर पसरला. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने 2018 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार त्या युद्धापायी सुमारे 3 लाख 80 हजार माणसे गेली. त्यांतली निम्मी प्रत्यक्ष हिंसेत, बाकीची भुकेने आणि उपचारांवाचून. 2015 चा कीर आणि माचार यांच्यातला पहिला करार वर्षभरही टिकला नाही. सप्टेंबर 2018 मध्ये अदिस अबाबात दुसरा झाला. आज धोक्यात आहे तो हाच.

त्याला सर्वात मोठा तडा गेला मार्च 2025 मध्ये, सोबात नदीकाठच्या नासिर गावात. तिथल्या सरकारी तुकडीच्या जागी नवे सैन्य आणण्यावरून तणाव होता. 4 मार्चला ‘व्हाइट आर्मी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नुएर तरुणांनी ती छावणी ताब्यात घेतली. तीनच दिवसांनी अडकलेल्या सैनिकांना बाहेर काढायला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. त्यात एक कर्मचारी ठार झाला आणि ज्यांना न्यायचे होते ते जनरल माजुर डाक हेही मारले गेले. मग सरकारने हवाई हल्ले सुरू केले. त्या भागात ज्वालाग्राही द्रव भरलेले पिंप-बॉम्ब टाकले जात असल्याच्या तक्रारी आहेत आणि बायकामुले भयंकर भाजली आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे प्रमुख निकोलस हेसम यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले. महिना संपायच्या आत माचार नजरकैदेत गेले.

या काळात जग हलले नाही असे मी म्हणणार नाही. पूर्व आफ्रिकेतल्या देशांच्या ‘इगाड’ संघटनेने तातडीची शिखर बैठक घेतली. आफ्रिकन युनियनने ज्येष्ठांचे मंडळ धाडले. केनियाचे अध्यक्ष रूटो यांनी रायला ओडिंगा यांच्यासारख्या वजनदार नेत्याला दूत म्हणून जुबाला पाठवले. पण ओडिंगांना माचार यांची भेटच मिळाली नाही. कीर यांना भेटून ते युगांडाचे अध्यक्ष मुसेवेनी यांच्याकडे गेले. मुसेवेनींनी तर त्याआधीच आपले सैन्य जुबात उतरवले होते, कीर यांच्या मदतीला, आणि तेही सुरक्षा परिषदेची शस्त्रबंदी लागू असताना. मध्यस्थाला दाराबाहेर थांबवायचे आणि बंदूकधाऱ्याला आत घ्यायचे, हे ज्या राजधानीत घडते तिथे निवेदनांना काय किंमत उरणार?

आणि पाश्चात्त्य देश? अमेरिकेने अत्यावश्यक नसलेले कर्मचारी परत बोलावले. जर्मनीने 22 मार्चला दूतावासच बंद केला. आपल्या माणसांच्या जिवाची काळजी कोणत्याही सरकारला असणार, ते मी समजू शकतो. पण याआधी शांत काळातही पाय मागेच घेतला गेला होता. कराराची अंमलबजावणी आणि युद्धबंदी यांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणांना अमेरिका पैसे देत असे. कराराची प्रगती होत नाही म्हणून 2022 मध्ये तो निधी थांबवला गेला. नेते करार पाळत नाहीत, म्हणून करार कोण मोडतो हे टिपून ठेवणाऱ्यांचाच पगार बंद! मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता. करार डळमळतो तेव्हाच या माणसांची खरी गरज असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मलाकालचा आमचा तळ आणि त्याला लागून असलेली निर्वासितांची छावणी ही जागा म्हणजे व्हाइट नाईलच्या काठची सपाट, काळी जमीन. पाऊस लागला की काळ्या रानात जसा पाय रुततो, तशी तिथे सहा-सहा चाकी गाड्या रुतून बसतात. रस्ते बंद होतात. मग जे काही यायचे ते नदीतून तराफ्यावर किंवा हेलिकॉप्टरने. 2013 मध्ये युद्ध पेटले तेव्हा मोहिमेने आपल्या तळांची फाटके उघडली आणि लोक आत आले. पुढे साऱ्या तळांवर मिळून ही संख्या दोन लाखांवर गेली. एकट्या मलाकालला 2016 च्या सुरुवातीला सुमारे 47 हजार माणसे राहत होती. शिल्लुक, नुएर, डिंका, सगळे एकाच कुंपणात, पण वेगवेगळ्या भागांत.

आमच्याकडे तातडीचे रुग्ण म्हणून त्यांतले काही येत. जुन्या माणसांच्या कपाळावर जमातीच्या खुणा कोरलेल्या असतात. शिल्लुकांच्या भुवयांवर टपोऱ्या ठिपक्यांची ओळ, नुएर पुरुषांच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत सहा आडव्या रेषा. रुग्ण आला की नाडी पाहण्याआधी नजर कपाळाकडे जायची. उपचारांत काही फरक करायचा म्हणून नव्हे, तर शेजारच्या खाटेवर कोण आहे हे लक्षात ठेवावे लागे म्हणून. नातेवाईक आधी तेच पाहत.

17 फेब्रुवारी 2016 च्या रात्री त्या छावणीत आधी तरुणांच्या टोळ्या भिडल्या आणि दुसऱ्या दिवशी कुंपण तोडून सरकारी गणवेशातले हत्यारबंद लोक आत शिरले. झोपड्यांना पद्धतशीर आगी लावल्या गेल्या. तिथे घरे म्हणजे बांबू, गवत आणि वर प्लास्टिकचा कागद. त्या प्लास्टिकच्या जळण्याचा वास ड्रेसिंगच्या खोलीत दिवसभर भरून होता. हजारो माणसे तळाच्या दिशेने लोटली. एक शिल्लुक बाई मला आठवते. मांडीतून गोळी आरपार गेलेली, पाठीला तान्हे बांधलेले. स्ट्रेचरवर आडवी व्हायला ती तयार नव्हती. दुसरा मुलगा गर्दीत सुटला होता आणि तिला फाटकाकडे तोंड करून बसायचे होते. शेवटी बसल्या बसल्याच मी तिची जखम धुतली, बँडेज बांधले आणि सलाईन लावले. मुलगा दुपारी सापडला. त्या दोन दिवसांत किमान 30 निर्वासित ठार झाले, शंभरावर जखमी झाले.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्याच चौकशीत काय निघाले हे जगजाहीर आहे. हुकूम कोणाचा आणि गोळी कधी चालवायची याबद्दल शांतिसैनिकांत गोंधळ होता. काही ठिकाणी कोणी हलले नाही, काहींनी चौकी सोडली. निळी टोपी घातलेल्या माणसाला हे वाचताना त्रास होतो. तरीही मी म्हणेन की ते फाटक 2013 मध्ये उघडले नसते, तर त्या 47 हजारांतले किती जिवंत राहिले असते याचा विचारही करवत नाही. मध्ये उभे राहणारे कमी पडले, म्हणून मध्ये कोणी उभेच राहू नये असे ठरत नाही. त्यांना स्पष्ट हुकूम हवेत आणि पाठीशी राजकीय बळ हवे.

त्या बळाचे काय झाले ते पाहा. जुलै 2016 मध्ये जुबात पुन्हा रणगाडे आणि लढाऊ हेलिकॉप्टरे उतरली. शेकडो माणसे मेली, दोन चिनी शांतिसैनिकही गेले आणि माचार पायी काँगोकडे पळाले. सुरक्षा परिषदेने ऑगस्टमध्ये 4,000 सैनिकांचे जादा संरक्षक दल मंजूर केले आणि त्यात अडथळा आणलात तर शस्त्रबंदीचा विचार करू, अशी तंबी दिली. सरकारने अडथळे आणले. डिसेंबरमध्ये शस्त्रबंदीचा ठराव मतदानाला आला. परिषदेत 15 सदस्य असतात आणि ठरावाला किमान 9 मते लागतात. बाजूने 7 पडली, 8 देश तटस्थ राहिले. विरोधात एकही मत नव्हते, नकाराधिकारही कोणी वापरला नाही. ठराव नुसत्या तटस्थतेने पडला. त्या आठांत जपान होता. जपानचे अभियंता दल तेव्हा जुबात तैनात होते आणि सरकार चिडले तर आपल्या जवानांना धोका होईल, हा विचार त्यामागे असल्याचे तेव्हा उघडपणे बोलले गेले. पुढच्या मे महिन्यात ते दल मायदेशी गेले. शस्त्रे मात्र येतच राहिली.

शस्त्रबंदी अखेर जुलै 2018 मध्ये झाली. मते किती? बरोबर 9. सहा तटस्थ. दोन महिन्यांत दुसरा करार झाला. तो शस्त्रबंदीमुळेच झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे शेजारच्या सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष बशीर आणि मुसेवेनी यांचे स्वतःचे हिशोब होते, तेलाचे पैसे होते, दोन्ही बाजूंची दमछाक होती. पण मोठी हत्यारे उघडपणे विकत घेण्याचा रस्ता अरुंद झाला, हेही खरे. तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात ही बंदी नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. मे 2024 मध्ये 9 मते आणि 6 तटस्थ. मे 2025 मध्ये, म्हणजे नासिर घडून गेल्यावर, माचार कोंडले गेल्यावर, ओल्ड फांगाकच्या रुग्णालयावर बॉम्ब पडल्यावरसुद्धा, पुन्हा 9 आणि 6. एक सदस्य जरी डगमगला असता तरी बंदी गेली असती.

आता भारताबद्दल. 2021 आणि 2022 ही दोन वर्षे आपण सुरक्षा परिषदेत होतो. मे 2021 मध्ये शस्त्रबंदी वाढवण्याच्या बाजूने 13 मते पडली आणि दोन देश तटस्थ राहिले. ते दोन देश म्हणजे केनिया आणि भारत. मे 2022 मध्ये 10 मते बाजूने, पाच तटस्थ, आणि त्या पाचांत पुन्हा भारत.

हे मला मान्य नाही आणि ते मी सैनिक म्हणून सांगतो. 9 एप्रिल 2013 रोजी जोंगलेई प्रांतात गुमुरुकजवळ दबा धरून बसलेल्या टोळीने संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर हल्ला केला. आपले पाच जवान गेले, सोबतचे सात नागरी कर्मचारीही गेले. त्याच वर्षी 19 डिसेंबरला अकोबो इथल्या छोट्याशा चौकीवर सुमारे दोन हजारांचा हत्यारबंद जमाव चालून आला. चौकीत भारतीय जवान होते आणि आश्रयाला आलेले डिंका नागरिक होते. जमावाला ते नागरिक हवे होते. तिथे आपले दोन सुभेदार मारले गेले. ज्या देशात मोकाट फिरणाऱ्या बंदुकांनी आपली माणसे मारली, तिथे आणखी बंदुका जाऊ द्यायच्या की नाही या प्रश्नावर आपले मत काय, तर तटस्थ.

तटस्थ राहणाऱ्यांची बाजू मला ठाऊक आहे. ती अगदीच पोकळ नाही. देश सार्वभौम आहे, करारात दोन्ही बाजूंचे मिळून एकच सैन्य उभे करायचे ठरले आहे, मग त्या सैन्याला हत्यारे नकोत का, असे ते विचारतात. सक्तीपेक्षा आफ्रिकेतल्या शेजाऱ्यांना पुढाकार घेऊ द्या, असेही म्हणतात. एकत्रित सैन्याची पहिली तुकडी ऑगस्ट 2022 मध्ये बाहेर पडली आणि त्या मुलांना प्रशिक्षणात लाकडी बंदुका वापराव्या लागल्या, हे मीही वाचले आहे. पण त्या मुलांची अडचण लाकडी बंदुकीपाशी संपत नव्हती. प्रशिक्षण छावण्यांत अन्न नव्हते, औषधे नव्हती, महिनोन्‌महिने पगार नव्हता. त्यावर तर कोणतीही बंदी नव्हती. 2023 पासून कराराच्या अंमलबजावणीसाठीचे बिनहत्यारी साहित्य आधी न कळवताही नेता येते. तरी ते सैन्य एक झाले नाही. नासिरवर आग ओतणारी विमाने मात्र उडाली. शेजाऱ्यांचा पुढाकार म्हणावा, तर युगांडाचे सैन्य एका बाजूने उतरले. यातून शस्त्रबंदी ढिली करावी असा निष्कर्ष निघतो, की ती नीट पाळली जावी असा? माझ्या मते दुसरा. आज ती चाळणी झाली आहे हे खरे, पण बंदी मोडणाऱ्याला जाब विचारायला निदान एक कागद हातात आहे.

रुग्णालयांबद्दल दोन शब्द, कारण ते माझे क्षेत्र. एप्रिल 2025 मध्ये उलांगचे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चे रुग्णालय लुटले गेले. 3 मे रोजी ओल्ड फांगाकला त्यांच्याच रुग्णालयावर हवाई हल्ला झाला, औषधांचे कोठार जळाले, माणसे मेली. त्याच सुमारास अकोबो तालुक्यात (हो, जिथे आपले दोन सुभेदार गेले तोच) पटकीचे रुग्ण उपचारासाठी भर उन्हात तीन-तीन तास चालत निघाले आणि त्यांतले किमान आठ, त्यांत पाच लहान मुले, वाटेतच गेले. अमेरिकेची मदत थांबल्याने जवळचे दवाखाने बंद झाले होते, असे ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने सांगितले. पटकीचा रुग्ण काय असतो हे मी जवळून पाहिले आहे. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, शीर सापडत नाही. वेळेवर क्षार-साखरेचे पाणी आणि सलाईन मिळाले तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसतो. इतक्या स्वस्तात वाचणारा जीव दुसऱ्या कोणत्या आजारात नाही. शांतता कराराच्या चर्चेत हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या गावातून दवाखाना जातो, तिथून उरलेली माणसेही निघून जातात, आणि मागे राहतात ते हत्यारबंद तरुण.

त्यातच संयुक्त राष्ट्रांकडे पैसा नाही म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये जगभरच्या नऊ मोहिमांतले सुमारे चतुर्थांश शांतिसैनिक कमी करण्याचा निर्णय जाहीर झाला. दक्षिण सुदानची मोहीम त्यांत आहे. 2018 च्या करारात ठरलेली आणि आजवर दोनदा पुढे ढकललेली निवडणूक डिसेंबर 2026 मध्ये आहे. करारातला दुसरा मुख्य सहीदार आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि मतदानाच्या वर्षात शांतिसैनिकांना घरी पाठवायचे!

माझे सरकारला तीन गोष्टींचे मागणे आहे. सैनिक कमी करायचेच असतील तर ते जुबाच्या कचेऱ्यांतून करावेत. मलाकाल, बोर, अकोबो यांसारख्या बाहेरच्या तळांना हात लावू नये, असे भारताने सैनिक पुरवणारा मोठा देश म्हणून न्यूयॉर्कमध्ये ठासून सांगावे. आपले एवढे जवान तिथे आहेत की आपले म्हणणे ऐकावेच लागेल. युद्धबंदीच्या देखरेखीचा निधी अमेरिकेने थांबवला, त्यातला काही भार भारताने आणि आफ्रिकन युनियनने उचलावा. त्या निरीक्षकांचा खर्च एका पलटणीच्या खर्चापुढे काहीच नाही.

तिसरे मागणे मताचे. भारताने 2028-29 साठी सुरक्षा परिषदेच्या जागेची उमेदवारी जाहीर केली आहे. त्या दोन वर्षांतही मे महिना येईल आणि बंदीची मुदत तेव्हाही संपत असेल, तर पुन्हा तो ठराव मतदानाला येईल. तेव्हा भारत कोणत्या बाजूला हात वर करणार, हे परराष्ट्र मंत्रालयाने आताच सांगावे. आपल्या दैनिकाचे प्रतिनिधी दिल्लीत आहेत. मंत्रालयाच्या पुढच्या वार्तालापात त्यांनी हा एक प्रश्न विचारावा आणि जे उत्तर मिळेल ते छापावे, एवढी विनंती.

आपला,
सुभेदार (निवृत्त), आर्मी मेडिकल कोर
(नाव छापू नये, ही विनंती.)